मधुमेही मांजरास स्वस्त इन्सुलिन देताना

कांद्याची चाळ, धान्याची कणगी आणि पेंडीची खोली ज्या घरी आहे, त्या घरी मांजर पाळणे ही चैन नव्हे. जुन्नर तालुक्यात पुणे-नाशिक रस्त्यालगत, नारायणगावास अगदी लागून असलेल्या वारूळवाडीसारख्या गावी टोमॅटो, द्राक्षे, ऊस व कांदा ही पिके घेतली जातात. तेथे उंदीर आणि घुशी यांचा उपद्रव बारमाही असतो. साठवणीच्या जागी विषारी आमिष ठेवणे नेहमीच शक्य नसते. लहान मुले, कोंबड्या व कुत्री यांना त्यापासून धोका पोहोचतो. अशा ठिकाणी एक चपळ मांजर निमूटपणे आपले काम करीत असते. परंतु गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांच्या दुखण्याविषयी पशुवैद्यास आवर्जून विचारणारा शेतकरी मांजराच्या आजाराविषयी सहसा बोलत नाही. मांजरालाही मधुमेह होतो असे सांगितले, तर ऐकणाऱ्यास प्रथम हसू येते.

हा रोग मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यावर इन्सुलिनचा उपाय आहे व तो चांगला लागू पडतो. अडचण येते ती खर्चाची. पहिले दोन-तीन महिने कुटुंब हौसेने औषध आणते. पुढे टोमॅटोचे भाव पडले किंवा शाळेची फी भरण्याची वेळ आली, की मांजराचे औषध प्रथम बंद होते. काही घरांत त्याऐवजी आजोबांसाठी आणलेले इन्सुलिन मांजरास टोचले जाते. या दोन्ही मार्गांनी मांजर दगावू शकते. स्वस्त इन्सुलिनकडे वळणे ही गोष्ट मुळीच गैर नाही. ते वळण कसे घ्यावे हे समजून न घेता घेतले, तरच ते अंगाशी येते.

रोग कसा ओळखावा

मधुमेही मांजर पाणी फार पिते. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी पोटात जात असेल, म्हणजे ४ किलोच्या मांजराने ४०० मिलिलिटरहून अधिक पाणी संपविले, तर काहीतरी बिघडले आहे असे निश्चित समजावे. त्यासोबत लघवीचे प्रमाण वाढते. मांजर भरपूर खाते, पण दिवसेंदिवस वाळत जाते. रोग जुना झाला म्हणजे मागच्या पायांतील शक्ती कमी होते आणि ते पंजावर न चालता घोट्यापर्यंतचा भाग जमिनीला टेकवून चालू लागते. ही चाल एकदा पाहिली म्हणजे विसरत नाही.

मध्यम व उतार वयाचे, खच्ची केलेले आणि लठ्ठ बोके यांना हा रोग अधिक प्रमाणात जडतो. जुन्नर भागात उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर असल्याने रात्री मांजर घरात कोंडून ठेवणे इष्टच आहे. परंतु घरात बसून राहणाऱ्या मांजरास दोन्ही वेळा वाटीभर दूध-भाकरी किंवा दूध-भात घातला, की त्याचे वजन वाढते. मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी आहे. भाकरी व भात यांतील पिठूळ अंश पचवून त्यातील साखर आटोक्यात ठेवण्याची त्याच्या शरीराची तयारी फारशी नसते. मायेने घातलेला भाकरीचा काला या रोगाला खतपाणी घालतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना पटवून देणे कार्यकर्त्यास अवघड जाते. तरीही ते सांगितले पाहिजे.

एकदाच तपासलेल्या रक्तावरून निदान करू नये. पिशवीत घालून, मोटारसायकलवरून दवाखान्यात आणलेल्या भेदरलेल्या मांजराची रक्तशर्करा केवळ भीतीमुळे ३०० मिलिग्रॅमच्या वर गेलेली आढळते. म्हणून रक्ताबरोबरच लघवीतील साखरही पाहतात. शक्य तेथे फ्रुक्टोसामीन ही मागील एक-दोन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी करतात. खाजेसाठी अथवा सूजेसाठी मांजरास स्टेरॉइडचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन पूर्वी दिले गेले असल्यास ते पशुवैद्यास अवश्य सांगावे. त्या औषधानेही साखर चढते आणि इन्सुलिनचा गुण येत नाही.

इन्सुलिनच्या जाती

इन्सुलिनचा शोध टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या १९२१ सालच्या प्रयोगांतून लागला. १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. शोधकांनी त्याचे हक्क टोरांटो विद्यापीठास नाममात्र एकेका डॉलरला दिले. जगातील पहिले इन्सुलिन अशा रीतीने जवळजवळ फुकट दिले गेले होते. आज त्याच्या किमतीचा विचार करण्याची वेळ यावी, ही गोष्ट चमत्कारिक खरी.

पुढे अनेक दशके हे औषध कत्तलखान्यातील बैल व डुकरे यांच्या स्वादुपिंडापासून काढीत असत. मांजराचे नैसर्गिक इन्सुलिन हे बैलाच्या इन्सुलिनला सर्वांत जवळचे आहे. दोहोंच्या घडणीत केवळ एका घटकाचा फरक आहे. मनुष्याच्या इन्सुलिनशी मात्र चार घटकांचा फरक पडतो. असे असूनही मनुष्याचे इन्सुलिन मांजरास लागू पडते. १९८२ मध्ये अमेरिकेत जंतूंच्या साहाय्याने तयार केलेले मानवी इन्सुलिन विक्रीस मान्य झाले आणि प्राणिज इन्सुलिन हळूहळू मागे पडले. भारतीय कंपनीने असे मानवी इन्सुलिन स्वतः तयार करून बाजारात आणले ते २००३ साली. ते वोक्हार्ट कंपनीचे ‘वोसुलिन’ होय. या कंपनीचा जैव-औषधांचा कारखाना महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबाद म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे आहे. स्वस्त इन्सुलिनचा प्रश्न म्हणजे परदेशी मालाची वाट पाहणे, अशी स्थिती आता राहिलेली नाही.

औषधाच्या दुकानात आढळणारे प्रकार कामाच्या दृष्टीने चार समजावेत. पहिला साधा किंवा ‘रेग्युलर’ होय. हा पाण्यासारखा स्वच्छ असतो, झटकन चढतो व लवकर उतरतो. दवाखान्यात अत्यवस्थ जनावरासाठी त्याचा उपयोग होतो. घरी रोज देण्याचे हे औषध नव्हे. दुसरा ‘एनपीएच’; हा दुधाळ दिसतो. मनुष्यात तो बराच वेळ टिकतो, पण मांजराचे शरीर इन्सुलिन फार वेगाने खर्च करते, त्यामुळे पुष्कळ मांजरांत आठ-नऊ तासांतच त्याचा जोर ओसरतो. तिसरा ३०/७० चा मिश्र प्रकार, म्हणजे पहिल्या दोहोंची मिसळ. खेड्यातील दुकानात हाच सर्वांत सहज मिळतो व घरातील वृद्धांच्या औषधात बहुधा हाच असतो. चौथा ग्लार्जीन होय. यास अमेरिकेत २००० साली ‘लँटस’ या नावाने मान्यता मिळाली. हा स्वच्छ असून सावकाश व दीर्घकाळ काम करतो. मांजराच्या बाबतीत जगभरचे पशुवैद्य ज्यांना पहिली पसंती देतात, त्यांत ग्लार्जीनचा समावेश होतो. याखेरीज जनावरांसाठी खास तयार केलेले, डुकराच्या इन्सुलिनचे ‘लेंटे’ जातीचे औषधही आहे. परंतु गावपातळीवर ते मिळविणे कठीण व महागाचे असते.

नाव बदलणे व जात बदलणे

टोमॅटोच्या एकाच वाणाची रोपे एका रोपवाटिकेऐवजी दुसरीतून आणली, तर लागवडीचे अंतर बदलत नाही. वाणच बदलला, तर अंतर, खताची मात्रा आणि तोडणीचा काळ हे सारे नव्याने ठरवावे लागते. इन्सुलिनचेही असेच आहे.

ग्लार्जीनचे मूळ नाव सोडून त्याच ताकदीचे दुसऱ्या कंपनीचे ग्लार्जीन घेणे, हा नावाचा बदल होय. भारतात ग्लार्जीन एकाहून अधिक कंपन्या तयार करतात. त्यांपैकी बेंगळुरूच्या बायोकॉन कंपनीचे ग्लार्जीन मूळ औषधाच्या जागी औषधविक्रेत्याने परस्पर देण्यास योग्य आहे, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध खात्याने जुलै २०२१ मध्ये दिला. भारतात २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लार्जीनचा समावेश झाला. खर्च कमी करावयाचा असेल, तर प्रथम या वाटेचा विचार करावा. येथे मात्रा सहसा तीच राहते. तरीही पहिले दोन आठवडे साखर थोडी अधिक वेळा पाहणे शहाणपणाचे ठरते. मात्र ग्लार्जीनचा ३०० युनिटचा दाट प्रकारही बाजारात असतो. तो १०० च्या जागी कधीही घेऊ नये आणि त्याच्या पेनातून सिरिंजने औषध कधीही ओढू नये.

ग्लार्जीन किंवा लेंटे सोडून एनपीएचकडे येणे, हा जातीचा बदल आहे. तो पशुवैद्याने लिहून दिल्याखेरीज करू नये. एनपीएच निश्चितच स्वस्त पडते व काही मांजरांत बऱ्यापैकी चालते. परंतु साखर चढ-उताराची असते आणि इन्सुलिनविना साखर ताब्यात येण्याची आशा ग्लार्जीनच्या मानाने कमी राहते, हे कुटुंबास आधीच सांगावे. दुसरी कोणतीही वाट नसेल, तर औषध अजिबात बंद करण्यापेक्षा एनपीएच नियमाने देणे पुष्कळ बरे. ३०/७० चा मिश्र प्रकार मात्र घरात आयता आहे म्हणून मांजरास देऊ नये. त्यातील साध्या इन्सुलिनचा भाग काही तासांत साखर एकदम खाली आणतो आणि त्याच वेळी घरातील सारी माणसे रानात गेलेली असतात.

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांत काही प्रकारची इन्सुलिने कमी दरात मिळतात. कोणता प्रकार आहे, हे केंद्रात प्रत्यक्ष विचारावे. दुकानदाराने ‘हेही साखरेचेच आहे’ असे म्हणून दुसरा प्रकार हाती ठेवल्यास तो घेऊ नये. चिठ्ठीवरील नाव, जात व ताकद या तिन्ही गोष्टी खोक्यावर जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चाळीस आणि शंभर

सारा लेख विसरला तरी चालेल, पण हा भाग विसरू नये. भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत विकले जाते. कुपीतील मानवी इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते. ग्लार्जीन आणि पेनात बसणारी कार्ट्रिजे १०० युनिटची असतात. दोहोंसाठी सिरिंजाही वेगळ्या आहेत. ४० च्या सिरिंजेचे टोपण लाल व १०० च्या सिरिंजेचे नारिंगी असते. लाल आणि नारिंगी हे रंग संध्याकाळी बल्बच्या उजेडात सारखेच भासतात. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. सिरिंजेवर छापलेला आकडा वाचावा.

चूक झाल्यास काय होते, ते पाहा. मांजरास २ युनिट द्यावयाचे आहेत. ४० च्या सिरिंजेत २ च्या रेघेपर्यंत ०.०५ मिलिलिटर औषध येते. कुपी ४० ची असेल, तर ते बरोबर २ युनिट होते. पण कुपी १०० ची असेल, तर तेवढ्याच औषधात ५ युनिट असतात. अडीचपट मात्रा गेली ! ४ किलोच्या मांजरास एवढी मात्रा प्राणघातक ठरू शकते. उलट, ४० ची कुपी आणि १०० ची सिरिंज अशी गाठ पडली, तर २ च्या रेघेवर केवळ ०.८ युनिट जाते. साखर उतरत नाही, आणि ‘स्वस्त औषध निकामी आहे’ असा बोभाटा होतो. गुणाकार-भागाकार करून दुसऱ्या सिरिंजेवर भागविण्याचा खटाटोप घरी कोणीही करू नये. योग्य सिरिंज मिळेपर्यंत थांबावे व दवाखान्यास कळवावे.

औषध बदलले त्या दिवशीच जुन्या सिरिंजा घरातून काढून टाकणे हा यावर खरा उपाय होय. घरात मनुष्यासाठीही इन्सुलिन येत असेल, तर मांजराचे औषध वेगळ्या डब्यात, मोठ्या अक्षरांत ‘मांजर’ असे लिहून ठेवावे.

खर्चाचा खरा हिशेब

पुष्कळ लोक दर युनिटाची किंमत काढतात आणि मोठी कुपी स्वस्त पडते असे मानतात. मनुष्याच्या बाबतीत ते ठीक आहे. मांजराच्या बाबतीत हा हिशेब फसवा ठरतो. समजा, वारूळवाडीतील एका घरच्या बोक्यास सकाळी २ व सायंकाळी २, म्हणजे दिवसाला ४ युनिट लागतात. ग्लार्जीन उघडल्यापासून २८ दिवसांत वापरावे अशी सूचना वेष्टनावर असते. २८ दिवसांत बोक्याचा खप ११२ युनिटांचा होतो. १० मिलिलिटरच्या कुपीत १००० युनिट असतात. म्हणजे ८८८ युनिट फेकून द्यावे लागतात. ३ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. त्यांतील १८८ वाया जातात. दर युनिटाला कार्ट्रिज महाग दिसले, तरी महिन्याच्या खर्चात ते स्वस्त पडते. म्हणून दुकानदारास ‘युनिट केवढ्याला ?’ असे न विचारता ‘सर्वांत लहान माप कोणते व एक सुटे मिळेल काय ?’ असे विचारावे. पाच कार्ट्रिजांचे खोके घेण्याची सक्ती होत असल्यास दुसरे दुकान पाहावे.

मांजराची मात्रा एक-दोन युनिटांत असल्याने, कार्ट्रिजमधून १०० च्या सिरिंजेने औषध काढून घेण्यास पशुवैद्य पुष्कळदा सांगतात. अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेली सिरिंज मिळाल्यास उत्तम. औषध काढताना कार्ट्रिजमध्ये हवा भरू नये, आणि असे वापरलेले कार्ट्रिज पुन्हा पेनात बसवू नये. शीतकपाटात नीट ठेवलेले व स्वच्छ राहिलेले ग्लार्जीन २८ दिवसांपुढे वापरण्यास काही पशुवैद्य अनुमती देतात. तो निर्णय त्यांचा. परवानगी असली, तरी औषधात गढूळपणा किंवा कण दिसताच ते टाकून द्यावे. पैसे वाचविण्यासाठी औषधात पाणी किंवा सलाइन मिसळून ते ‘पुरविणे’ हा शुद्ध घातक प्रकार आहे. ग्लार्जीन तर तसे केल्याने बिघडूनच जाते.

तद्वतच एकच सुई आठवडाभर वापरू नये. बोथट सुईने मांजरास दुखते, ते पळू लागते आणि अर्धे औषध केसांवर सांडते.

प्रत्यक्ष बदल

बदलाच्या आधी एक आठवडा वहीत नोंद ठेवावी : रोजचे पाणी, खाणे, लघवी, इन्सुलिनची वेळ व मात्रा, आणि आठवड्याचे वजन. कांदे तोलण्याच्या काट्यावर टोपलीत बसवून मांजराचे वजन चांगले घेता येते. ही वही पशुवैद्यास प्रयोगशाळेच्या एखाद्या अहवालाइतकीच उपयोगी पडते. दात किडणे, हिरड्या सुजणे, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग हे दोष असतील, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावेत. नाहीतर नव्या औषधाच्या माथी विनाकारण दोष येतो.

जुने व नवे इन्सुलिन एकत्र देऊ नये. जुन्याची शेवटची मात्रा सायंकाळी द्यावी आणि नव्याची पहिली मात्रा दुसऱ्या सकाळी, नेहमीच्या वेळेस व खाणे झाल्यावर द्यावी. जात बदलली असेल, तर जुन्या मात्रेचा आकडा तसाच पुढे चालवू नये. नवे औषध कमी मात्रेने सुरू करतात. बहुधा १२ तासांच्या अंतराने १ युनिट, आणि क्वचितच २ युनिटांहून अधिक. जुन्या औषधाच्या ४ युनिटांवर असलेल्या मांजरास नव्याच्या १ युनिटावर आणलेले पाहून कुटुंब चरकते. साखर पहिले काही दिवस चढी राहते, ही गोष्टही खरी. परंतु थोडे दिवस चढी साखर सोसते. एका दुपारची फार उतरलेली साखर सोसत नाही. म्हणून मात्रा वाढविण्याची घाई करू नये. साधारण एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने आणि पशुवैद्याच्या सांगण्यावरूनच, अर्धा किंवा एक युनिट वाढवावे.

पहिले तीन दिवस कोणीतरी घरी राहील असा मुहूर्त बदलासाठी निवडावा. टोमॅटोची तोडणी ऐन भरात असताना किंवा गावची यात्रा असताना औषध बदलू नये.

आणखी एक दक्षता महत्त्वाची आहे. आहार व इन्सुलिन हे दोन्ही एकाच आठवड्यात बदलू नयेत. दूध-भाकरी बंद करून अंडी, मासे व कोंबडीचे मांस सुरू केले, की इन्सुलिनची गरज झपाट्याने घटू शकते. मात्रा तीच राहिली, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. प्रथम आहार सावकाश बदलावा, साखर पाहावी, मग औषधाकडे वळावे. खारविलेले बोंबील व सुकट रोज घालू नये. खाटकाकडील उकडलेले छाट चालतात. त्यात मीठ, मसाला व कांदा-लसूण नसावे, कारण कांदा मांजरास विषासमान आहे.

घरी साखर तपासण्यास मनुष्याचा ग्लुकोमीटर चालतो. कानाच्या कडेला ऊब देऊन, बारीक सुईने टोचून एक थेंब रक्त पट्टीवर घेतात. मांजरे हे आश्चर्यकारक शांतपणे सोसतात; पहिल्या दिवशी हात थरथरतो तो माणसाचा. मनुष्याचा मीटर मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवितो, हे लक्षात ठेवून पशुवैद्य अर्थ लावतात. औषध बदलल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी सकाळच्या मात्रेपासून सायंकाळपर्यंत दर दोन ते चार तासांनी साखर पाहून तक्ता करावा. दिवसाचा बहुतेक काळ ती १०० ते ३०० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहिली, तर सुरुवातीस पुरेसे आहे. मनुष्याच्या मानाने हा आकडा मोठा वाटेल. पण मांजराच्या मूत्रपिंडातून साखर गळू लागते ती साधारण २७० च्या पुढे.

साखर उतरल्यास

मात्रा देण्यापूर्वी मांजर नेहमीप्रमाणे खाते आहे, हे पाहावे. ते खात नसेल, उलट्या करीत असेल किंवा मंदावले असेल, तर पूर्ण मात्रा देऊ नये. आधी दवाखान्याशी बोलावे. मीटरवरील आकडा ८० च्या खाली असल्यास पुढील मात्रा थांबवून पशुवैद्यास विचारावे. तो ६० च्या खाली गेला, किंवा मांजर झोकांड्या खाऊ लागले, एकटक पाहू लागले, थरथरू लागले, तर वेळ दवडू नये. शुद्धीवर असेल तर लगेच खाऊ घालावे. खाता येत नसेल, तर ग्लुकोज, मध किंवा दाट साखरपाणी बोटाने हिरड्यांना चोळावे. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. असे चोळत चोळतच त्यास दवाखान्यात न्यावे. थोडे बरे वाटले म्हणून वाटेतून परत फिरू नये, कारण इन्सुलिनचा जोर टिकून असतो व साखर पुन्हा उतरते.

याच्या उलट, औषध तुटल्याने किंवा अपुरे पडल्याने मांजर खाणे सोडते, निपचित पडते, श्वासाला आंबूस-गोड वास येतो. रक्तात कीटोन साठल्याची ही लक्षणे होत. लघवीतील कीटोन दाखविणाऱ्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात व त्या स्वस्त असतात. बदलाच्या काळात अशी एक डबी घरात असणे बरे. धुतलेली बारीक खडी उथळ घमेल्यात घालून ठेवली, की खालून लघवी सहज मिळते.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन ही मांजरांसाठी तोंडाने देण्याची औषधे मान्य झाली. त्यांची वार्ता ऐकून, मनुष्यासाठी मिळणाऱ्या त्याच वर्गातील स्वस्त गोळ्यांचा तुकडा मांजरास देण्याचा मोह होऊ शकतो. ही मान्यता पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांपुरतीच आहे. इन्सुलिनवर असलेले मांजर अशा गोळीवर टाकल्यास, रक्तातील साखर फारशी वाढलेली न दिसताही कीटोनचा जीवघेणा विकार होऊ शकतो.

साठवण व विल्हेवाट

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, शीतकपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या खणात ते गोठले, तर दिसायला चांगले असले तरी निरुपयोगी होते. शीतकपाट नसलेल्या किंवा वीज वारंवार जाणाऱ्या वस्तीवर वापरातील औषधासाठी मातीच्या मडक्याची युक्ती उपयोगी पडते. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तीत लहान मडके व त्यात कोरड्या डबीत औषध अशी रचना करून, ती सावलीत वारा लागेल तेथे ठेवावी आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच उतरते. दमट पावसाळी हवेत ही युक्ती तितकीशी चालत नाही. एनपीएचची कुपी वापरण्यापूर्वी दोन्ही तळहातांत हळुवार फिरवून घ्यावी. ग्लार्जीन हलवू नये.

वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नयेत. शेणखताबरोबर त्या शेतात जातात आणि पुढील हंगामात मजुराच्या पायात किंवा बैलाच्या खुरात निघतात. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात त्या साठवाव्यात व डबा भरल्यावर दवाखान्यात नेऊन द्यावा.

मांजराच्या मधुमेहात एक सोय अशी आहे, की रोग लवकर ओळखून योग्य आहार व नियमित इन्सुलिन दिल्यास काही मांजरांना पुढे इन्सुलिनची गरजच उरत नाही. मात्रा कमी कमी करीत अर्ध्या युनिटावर येते आणि साखर तरीही चांगली राहते, तेव्हा पशुवैद्य औषध थांबवून पाहतात. त्यानंतर आठवड्यातून एकदा लघवीतील साखर पाहावी, पाणी पिण्यावर नजर ठेवावी, आणि दूध-भाकरी पुन्हा सुरू करू नये. साखर परत दिसू लागल्यास जुने उरलेले औषध न वापरता, वही घेऊन दवाखान्यात जावे.